ज्योत एकट्याने नेत नाहीत

घटस्थापनेच्या आदल्या रात्री नगर जिल्ह्यातून जाणाऱ्या कोणत्याही मोठ्या रस्त्यावर उभे राहावे. थोड्याच वेळात दूरवर एक टेंपो दिसतो. त्यावर भगवे ध्वज, ध्वनिवर्धकावर देवीची गाणी, आणि टेंपोच्या उजेडात हाती पेटती ज्योत घेऊन अनवाणी धावणारा एक तरुण. त्याच्या मागे आणखी दोघे-तिघे. कोणी तुळजापुराहून निघालेले असतात, कोणी सप्तशृंगगडाहून, कोणी पाथर्डीजवळच्या मोहटादेवीहून. घट बसण्यापूर्वी ज्योत गावच्या देवळात पोहोचली पाहिजे, एवढे एकच वेळापत्रक. शिवजयंतीच्या सुमारास हेच दृश्य शिवनेरीकडून येणाऱ्या वाटांवर दिसते. शंभर-दोनशे किलोमीटरचे अंतर. ते एकट्याच्या छातीचे काम नव्हे. एक धावतो, दमला की ज्योत दुसऱ्याच्या हाती जाते आणि पहिला टेंपोत बसून घाम पुसतो. धावपटू बदलतात, ज्योत चालू राहते. सकाळी ती गावच्या वेशीत शिरते, तेव्हा अमुक मुलगा किती किलोमीटर धावला हे कोणी विचारीत नाही. सुवासिनी औक्षण करतात आणि सारा गाव म्हणतो, आमची ज्योत आली.

दीर्घ अंतराच्या धावण्याविषयी लिहिताना सुरुवात येथून करण्याचे कारण आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत धावणे आले ते वेगळ्या वाटेने. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि मुंबईची २००४ साली. त्यानंतर साताऱ्याच्या डोंगरातील अर्धमॅरेथॉन नावारूपाला आली आणि पाहता पाहता तालुक्याच्या गावांतही रविवारी पहाटे रंगीत बनियन घातलेली मंडळी दिसू लागली. बँकेतील अधिकारी, डॉक्टर, व्यापारी, शिक्षक अशी चाळिशी ओलांडलेली माणसे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या धाकाने का होईना, अंथरूण सोडून रस्त्यावर आली. ही गोष्ट निःसंशय चांगली आहे. ज्या पिढीने दारातील दुचाकीशिवाय कोपऱ्यावरचे दूधही आणले नाही, ती पिढी आता एकवीस किलोमीटरची भाषा बोलते, याचे कौतुकच केले पाहिजे.

परंतु हे धावणे घरात आले आणि घरातल्या एकाच माणसाचे होऊन बसले. असे घर प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. गृहस्थ पहाटे साडेचारला उठतात. मनगटावर घड्याळ, कानांत गाणी, पायांत पाच-सात हजारांचे बूट. दोन तासांनी परततात तेव्हा घामाने निथळत असतात आणि त्यांना लिंबू-सरबत, उकडलेले बटाटे किंवा खजूर समोर हवे असतात. मग ते आजचा वेग समाजमाध्यमावर टाकतात आणि दुपारी झोपतात. रविवार संपतो. त्या घरातील गृहिणीच्या वाट्याला या साऱ्यातून काय आले? एक जास्तीची धुण्याची बादली आणि आठवड्यातील एकुलत्या एका निवांत सकाळी लावावा लागणारा गजर. मुलांच्या वाट्याला आले ते भिंतीवर लटकणारे पदक, ज्याला हात लावायचा नाही. आरोग्य एकाचे सुधारले असेल. घर मात्र आणखी थोडे विलग झाले. दूरचित्रवाणीने एका खोलीत बसलेल्या माणसांचे बोलणे बंद केले, भ्रमणध्वनीने त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत नेले, आणि आता व्यायामानेही त्यांना वेगवेगळ्या वेळा दिल्या.

धावणे हे स्वभावतःच एकट्याचे असते, घराला त्यात कसे गोवणार, असे यावर कोणी म्हणेल. हा समज आयात केलेला आहे. ज्योतीची रीत त्याला उत्तर देते, आणि आपल्या परंपरेतील दुसरे उदाहरण तर याहून मोठे आहे. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात वेळापूरजवळ ‘धावा’ असतो. पंढरी जवळ आली या आनंदात वारकरी उतारावरून धावत सुटतात. सत्तरीचे आजोबा धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्या धावतात, बापाच्या खांद्यावरची पोरेही हसत हसत धावतात. त्या धावेत पहिला कोण आला याची नोंद नाही, कारण तेथे पहिला येण्याला काही अर्थच नाही. आणि या वाटा आपल्या जिल्ह्याला परक्या नाहीत. त्र्यंबकेश्वराहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी सिन्नरवरून आपल्या जिल्ह्यात येते आणि राहुरी, नगर, मिरजगाव या बाजूने करमाळ्याकडे उतरते. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथे ज्ञानदेव एकटे आलेले नव्हते. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार भावंडे आळंदीहून पैठणला आणि पैठणहून नेवाशाला पायी आली, असे परंपरा सांगते. आईबापांविना वाढलेल्या त्या लेकरांनी एकमेकांच्या सोबतीने किती मैल तुडवले असतील!

स्पर्धेच्या धावण्यातही मराठी मुलूख कोणाच्या मागे नव्हता, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन पूर्ण केली आणि ते एकोणिसावे आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यांतील मुले पाहून दोराबजी टाटांच्या मनात भारतीय संघ ऑलिंपिकला पाठवण्याचा विचार आला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ज्याने जाणकाराचे लक्ष वेधले, ते शेतकऱ्याच्या पोराचे धावणे होते. असो.

मुद्दा असा की, एका कुटुंबाने दीर्घ अंतर धावायचे असेल तर त्याला उत्तम पद्धत ज्योतीचीच आहे. चौघांचे घर आहे असे समजू. आई, वडील, चौदा वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी. सोबत आजोबा. चौघांनाही तेरा किलोमीटर धावायला सांगितले, तर वडील कसेबसे धावतील, मुलगा पहिल्या चार किलोमीटरमध्ये जोर संपवून बसेल आणि आई पहिल्याच वळणावर म्हणेल, तुम्ही व्हा पुढे. परंतु तेच तेरा किलोमीटर वाटून घेतले तर? वडील चार-पाच, आई तीन, मुलगा तीन, मुलगी दोन. आजोबा गाडीत, पाण्याच्या बाटल्या आणि चहाचा थर्मास सांभाळीत. धावणाऱ्याच्या पुढे किलोमीटरभर जाऊन गाडी थांबते, बाकीचे रस्त्याच्या कडेला उतरून वाट पाहतात. लांबून आई धावत येताना दिसते. मुलांनी आईला धावताना पूर्वी कधी पाहिले होते? बहुतेक घरांत त्याचे उत्तर ‘कधीच नाही’ असे येईल. ती जवळ येते, हातात हात देते, आणि मुलगी पुढे सुटते. हा एक क्षण दहा कौटुंबिक सहलींच्या तोडीचा आहे, असे माझे मत आहे. सहलीत सारे जण एका वाहनात बसलेले असतात आणि कोणी कोणावर अवलंबून नसते. येथे प्रत्येकाचे अंतर दुसऱ्याने सोडले तेथून सुरू होते.

दोघांनी बरोबर धावायचे असेल तर नियम एकच ठेवावा. जो सर्वांत हळू आहे त्याच्या चालीने जायचे, आणि चाल एवढीच ठेवायची की धावता धावता बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर चार पावले चालावे. चालणे म्हणजे हार, ही समजूत शर्यतीतल्यांची. वाट पाहायला निघालेल्यांनी ती का बाळगावी? बाप आणि मुलगा असे धावू लागले की एक वेगळीच गोष्ट घडते. वाढत्या वयाच्या मुलाला समोर बसवून ‘अभ्यास कसा चाललाय, मित्र कोण आहेत’ असे विचारले की ती चौकशी होते आणि तो एका शब्दात उत्तर देऊन उठतो. शेजारी धावताना दोघांची नजर रस्त्यावर असते. कोणी कोणाच्या डोळ्यांत पाहत नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या किलोमीटरला मुलगा आपण होऊन काहीतरी सांगू लागतो, आणि वडिलांनाही दम राखायचा असल्याने लांबलचक उपदेश करता येत नाही. हा लाभ किरकोळ नव्हे.

आता कोठे धावायचे? येथेच आपला जिल्हा विलक्षण श्रीमंत आहे आणि आपण त्याविषयी विलक्षण अडाणी आहोत. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. बोलण्यात ‘नगर’ अजून टिकून आहे आणि या लेखातही ते सवयीने येत आहे. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर विस्ताराचा आणि चौदा तालुक्यांचा हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यात १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर आहे. त्याच बाजूच्या घाटघरला काही वर्षी पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडील पाथर्डी-जामखेड पाचशे-सहाशे मिलिमीटरसाठी आभाळाकडे डोळे लावून बसतात. आपल्या सावेडीतील किंवा केडगावातील मुलांना हे पुस्तकातून माहीत असते, परीक्षेत लिहिता येते. पण पायांना माहीत नसते.

पायांना काय कळते याचे एक उदाहरण देतो. नगर शहरातून वाहणारी सीना भीमेला मिळते. म्हणजे शहरावर पडलेला पाऊस पंढरपूरच्या दिशेचा आहे. पण शहरातून उत्तरेकडे निघून डोंगरगणाच्या रामेश्वरापर्यंत गेले आणि मांजरसुंब्याचा डोंगर ओलांडून वांबोरीकडे उतरू लागले, की पाण्याने बाजू बदललेली असते. तेथील ओढ्यांचे पाणी मुळा-प्रवरेकडे, म्हणजे गोदावरीकडे जाते. वाहनातून जाताना हा घाट एक वळणावळणाचा रस्ता असतो. धावत किंवा चालत उतरणाऱ्याला मात्र गुडघे सांगतात की आपण दख्खनच्या पठाराची एक पायरी उतरलो. माथ्यावरचे माळरान संपून खाली उसाचे हिरवे शिवार सुरू झाले. गोदावरी आणि भीमा यांची खोरी विभागणारी ही रेघ भूगोलाच्या तासाला फळ्यावर काढतात. मुलाने ती एकदा स्वतःच्या पायांनी ओलांडली, तर तो ती विसरणार नाही.

शहराच्या पश्चिमेला सुमारे सतरा किलोमीटरवर हिवरे बाजार आहे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ज्या गावाने माळरानाचे रान केले आणि पाण्याचा हिशेब ठेवायला शिकवले, ते गाव पाहायला देशभरातून लोक येतात. नगरमधील किती कुटुंबांनी ते पाहिले आहे? आणि ज्यांनी पाहिले, त्यांतील किती जणांनी शेजारच्या उघड्या डोंगरापासून हिवऱ्याच्या झाडीपर्यंतचा बदल सावकाश, एकेका वळणाने पाहिला आहे? दक्षिणेकडे कर्जतजवळ रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य आहे. आकाराने अगदी लहान, दोन चौरस किलोमीटरच्या थोडेसे वर. धावणे म्हणजे काय हे लेकरांना दाखवायचे असेल तर तेथे नेऊन, आपण न धावता, उड्या घेत पळणारा एक कळप दाखवावा. आणि शहराच्या मधून आज गटारासारखी वाहणारी सीना ज्यांना पाहवत नाही, त्यांनी तिच्याच काठाने खाली जामखेड तालुक्यातील चौंडीपर्यंत कधी तरी जावे. १७२५ साली अहिल्यादेवींचा जन्म तेथे झाला. ज्या राज्यकर्तीने काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, तिने ते पायी चालणाऱ्यांसाठी केले. पायी जाणाऱ्याला पाणी किती अंतरावर लागते, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना ठाऊक होते. आजच्या रस्तेबांधणीत हे कलम कोठे बसते, ते धावायला निघाल्यावर पहिल्या दोन किलोमीटरमध्ये कळते.

याउलट आपली हौस कोठे जाते पहा. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांदरम्यान सुमारे नव्वद किलोमीटरची कॉम्रेड्स नावाची शर्यत होते. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ साली ती सुरू झाली. तिच्यामागची भावना उदात्त आहे आणि तेथे धावून येणाऱ्या मराठी धावपटूंच्या जिद्दीला नमस्कारच केला पाहिजे. परंतु डर्बनपर्यंत जाऊन आलेल्या किती जणांनी आपल्या घरापासून आपल्या मूळ गावापर्यंतचे अंतर पायांखाली घातले आहे, हा प्रश्न मनात येतोच. नगरमधील बहुतेक कुटुंबे एक-दोन पिढ्यांपूर्वी कोठल्या तरी तालुक्यातून शहरात आली. त्यांचे गाव चाळीस, पन्नास किंवा फार तर ऐंशी किलोमीटरवर असते. वर्षातून एकदा यात्रेला किंवा एखाद्या कार्याला मोटारीने जायचे, काचा वर करून, आणि संध्याकाळी परतायचे. मुलांना गावाचे नाव ठाऊक असते. वाट ठाऊक नसते.

पाथर्डीचेच उदाहरण घेऊ. नगरपासून सुमारे पन्नास किलोमीटर. चार रविवारांत विभागले तर दर खेपेस बारा-तेरा किलोमीटर येतात. पहिल्या रविवारी भिंगार ओलांडून शहाडोंगराच्या पायथ्यापर्यंत. वर जी अष्टकोनी वास्तू दिसते तिला आपण चांदबीबीचा महाल म्हणतो. वस्तुतः ती निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर आहे. मुलांनी हे विचारले की त्यांना सांगता यावे म्हणून वडिलांनी आदल्या रात्री थोडे वाचून ठेवावे, हाही या उपक्रमाचा एक गुप्त लाभ. दुसऱ्या रविवारी मागील ठिकाणापासून मेहेकरीच्या पुढे. तिसऱ्याला करंजीचा घाट. येथे धावण्याचा हट्ट न धरता सर्वांनी मिळून चालावे. चौथ्या रविवारी तिसगाव मागे टाकून पाथर्डी. एखाद्याचे गाव आतल्या बाजूला असेल तर पाचवा रविवार. शेवटच्या टप्प्यात आजोबांना गाडीतून खाली उतरवावे आणि निदान वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत पुढे चालू द्यावे. हा ओढा तेव्हा बारमाही होता, या बांधावर आमची चार आंब्याची झाडे होती, येथे बाजाराच्या दिवशी बैलगाड्या सुटायच्या, हे सारे त्यांना पायी चालतानाच आठवते. मोटारीत ते आठवत नाही. मोटार थांबेपर्यंत ती जागा मागे गेलेली असते.

येथे कार्यकर्त्यांच्या घरांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण हे साप्ताहिक त्या घरांत वाचले जाते. कार्यकर्त्याचा प्रवास मोठा असतो. आज शेवगाव, उद्या श्रीगोंदा, परवा बैठक, रविवारी वर्ग. जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांत त्याला हक्काची भाकरी मिळते. पण ज्या घरातून तो बाहेर पडतो, त्या घराला त्या चौदा तालुक्यांतील काहीच दिसत नाही. पत्नीला गावांची नावे फक्त निरोपांतून माहीत असतात. कुटुंबव्यवस्थेच्या महतीवर आपण व्याख्याने देतो, ऐकतो, आणि घरी पोहोचतो तेव्हा मुले झोपलेली असतात. महिन्यातून एक रविवार, फक्त सकाळचे तीन तास, घरासाठी राखून ठेवणे हे कोणत्याही कामाच्या आड येण्यासारखे नाही. उलट ज्या गावी एरवी एकट्याने जातो, त्या गावाच्या वाटेवर घरच्यांना घेऊन धावत गेले, तर कामाचीही ओळख घराला होईल.

स्त्रियांचा प्रश्न मात्र नुसत्या सदिच्छेने सुटणारा नाही. पन्नाशीच्या काकू साडी बदलून पंजाबी पोशाखात आणि बुटांत रस्त्यावर धावू लागल्या, तर गल्लीतून दोन खिडक्या उघडतात, हे आजही सत्य आहे. एकट्या मुलीने पहाटे धावायला जायचे तर घरचे धास्तावतात, आणि ती धास्ती सर्वस्वी अनाठायी आहे असेही म्हणवत नाही. म्हणूनच घराने मिळून धावण्याला महत्त्व आहे. सासू गाडीत बसलेली आहे आणि सून धावते आहे, हे चित्र एकदा गल्लीने पाहिले की खिडक्या आपोआप बंद होतात. माणदेशातल्या मोहीसारख्या दुष्काळी गावातून आलेली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आली; नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. या मुलींचे फोटो आपण शाळेच्या भिंतींवर लावतो. आपल्या घरातील मुलीने धावायला जाते म्हटले, की तिला आधी भाजी निवडून ठेवायला सांगतो. आणि वर सांगितलेल्या त्या गृहस्थांनी, रविवारी सकाळचा चहा-नाश्ता आपल्याला कोण देणार, हा प्रश्न स्वतःच्या हातांनी सोडवायला शिकावे. पोहे भिजवणे हे मॅरेथॉनपेक्षा सोपे आहे.

रस्त्यावर उतरलेल्या कुटुंबाला आणखी एक भेट घडते. पहाटे जिल्ह्यातील कोणत्याही रस्त्याच्या कडेने, कधी अनवाणी तर कधी फाटक्या कॅनव्हासच्या बुटांत, वेगाने धावणारी मुले दिसतात. ही सैन्याच्या आणि पोलिसांच्या भरतीची तयारी करणारी मुले. सोळाशे मीटर ठरावीक वेळेत धावता आले तर घराचे नशीब पालटते, नाही तर पुन्हा कोरडवाहू रान आणि रोजंदारी. नगर हे सैन्याचे जुने ठाणे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे, यांत्रिक पायदळाचेही आहे. त्या मुलांसाठी धावणे हा पोटाचा प्रश्न आहे. आपल्या सीमेला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तेथील वीटभट्टीवर काम करणाऱ्या आईबापांचा मुलगा, अविनाश साबळे, वाहन नाही म्हणून सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत, धावत जात असे. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली सुवर्ण जिंकले आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. आपल्या मुलांनी हौसेने धावताना शेजारून जाणाऱ्या अशा एखाद्या मुलाला थांबवून त्याचे गाव विचारावे. महागडे बूट घातलेल्या बापालाही तो हसून मागे टाकतो, हे मुलांनी पाहणे फार आवश्यक आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. वाढत्या वयाच्या मुलांना दोन-तीन किलोमीटरपेक्षा अधिक, आणि तेही त्यांच्या मर्जीविरुद्ध, धावायला लावू नये. ज्यांना हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. आठवडाभर काहीच न करता रविवारी एकदम आठ किलोमीटर धावणे हा पराक्रम नसून अविचार आहे. आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास चालणे-धावणे पुरते. मार्च ते मे या काळात आपल्याकडचे ऊन सकाळी आठलाच तापते, तेव्हा उन्हाळा सोडूनच द्यावा. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावावे; कानांत गाणी नकोत. ज्योत घेऊन रात्री महामार्गाने धावणाऱ्या तरुणांना वाहनांनी धडक दिल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. श्रद्धेच्या रक्षणाइतकेच धावणाऱ्याच्या मागे लाल दिवा लावणेही आवश्यक आहे, हे गावोगावच्या मंडळांनीही ध्यानात घ्यावे.

जिल्ह्याची म्हणून दोन विशेष संकटे आहेत. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, अकोले या उत्तरेच्या पट्ट्यात उसाच्या फडांत बिबट्याचा वावर आहे. तेथे अंधारात, विशेषतः लहान मुलांना घेऊन, अजिबात धावू नये. पुरते उजाडल्यावर आणि सर्वांनी एकत्रच निघावे. दुसरे संकट उसाच्याच गाड्यांचे. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचे अनुकरण जिल्हाभर झाले आणि त्याने शेतकऱ्याच्या घरात पैसा आणला हे खरे. पण गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, रस्ता व्यापून चालणारे ट्रॅक्टर दिवसरात्र वाहतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे साधे परावर्तकही नसते. त्या चार-पाच महिन्यांत कारखान्यांच्या वाटा टाळून पारनेर किंवा जामखेडच्या बाजूचे माळरानाचे रस्ते धरावेत. उरलेला उत्तम काळ आषाढापासून दिवाळीपर्यंतचा. ऊन कमी, डोंगर हिरवे, ओढ्यांना थोडेफार पाणी, आणि कारखान्यांचे बॉयलर अजून पेटायचे असतात. त्यात सणवार, श्राद्धपक्ष आणि परीक्षा वजा केल्या तरी दहा रविवार हाती उरतात, आणि पाथर्डीला चारच लागतात.